पाणघोड्याला दचकण्याची नोकरी

"आधी कुठं काम केलंय?"

"नाही."

"जत्रेत? सर्कशीत? एखाद्या पाळण्यावर?"

"कधीच नाही."

"छान," टेबलामागचा माणूस म्हणतो आणि तुमच्या अर्जावर खूण करतो.

आपण नीट ऐकलं ना, अशी तुम्हाला शंका येते. आजवर वाचलेल्या एकूण एक जाहिरातींनी एकच गोष्ट बजावलेली असते: अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. इथं कारभार उलटा. तुम्ही कधी पाळणा फिरवला नाहीत, तंबूबाहेर उभं राहून घसा फोडला नाहीत, नेमबाजीच्या खेळात बंदुकीची नळी मुद्दाम वाकडी ठेवली नाहीत, म्हणून तुम्ही पसंत.

साल 1955, महिना जून. गाव अनाहाइम, लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला पंचवीसेक मैलांवर. पाच वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत या गावाची वस्ती साडेचौदा हजार होती आणि ओळख संत्र्यांची. जुलै 1954 पर्यंत तुम्ही उभे आहात त्या 160 एकरांवर बागाच होत्या. आता तिथं बुलडोझर, धूळ, लाकडी पहाड, आणि मधोमध एक किल्ला. डिस्नेलँड नावाच्या या करमणुकीच्या बागेचं उद्घाटन 17 जुलैला आहे. आजूबाजूला बघून तुमचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि सुतारांचाही बसत नसावा, कारण ते मान वर न करता ठोकत सुटलेत.

अनुभवाची ही ॲलर्जी मालकाची आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या फिरत्या घोड्यांवर बसवायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात वाट बघायचा. आईबापांनाही काही करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथं सुचल्याचं तो सांगत असे. मग त्यानं देशभरातली मनोरंजनाची मैदानं पालथी घातली. बहुतेक ठिकाणी त्याला कचरा, तेलकट वास आणि गिऱ्हाइकाला गंडवायला टपलेली माणसं दिसली. कोपनहेगनचं टिवोली मात्र लख्ख होतं. 1953 मध्ये शिकागोत या धंद्यातल्या मुरलेल्या मालकांना डिस्नेच्या माणसांनी नकाशे दाखवले, तेव्हा त्यांनी चुका मोजून दिल्या: दार एकच ठेवलंय, तिथं चेंगराचेंगरी होईल, किल्ल्यातून पैसा येत नाही, एवढी झाडलोट परवडणार नाही. डिस्नेनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि बरोबर उलटं केलं. मग त्यांच्या तालमीत तयार झालेली माणसं तो कशाला घेईल?

आता एक खुलासा आधीच करतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको. या खोलीत पाठवताना मी तुम्हाला एका एकोणीस वर्षांच्या गोऱ्या पोराच्या अंगात घातलंय. फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजात शिकणारा, उंचापुरा, केस बारीक कापलेला. तुमच्या स्वतःच्या रंगानिशी पाठवलं असतं तर ही गोष्ट पहिल्या पानावरच संपली असती. 1955 मध्ये भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता, तोही 1946 च्या कायद्यानं मिळालेला. याच दक्षिण कॅलिफोर्नियातून दलीपसिंग सौंद पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1956 मध्ये, थेट अमेरिकन संसदेवर निवडून येतील. पण या बागेत काळ्या माणसांना पाहुण्यांसमोरची साधी नोकरी मिळायला 1960 च्या दशकातल्या नागरी हक्क चळवळीचा रेटा लागला. तोवर समोर दिसणारी काळी बाई म्हणजे पॅनकेकच्या हॉटेलातली 'आंट जेमायमा', डोक्याला रुमाल बांधून हसणारी. आणि मुलीच्या अंगात घातलं असतं तर तिकीटखिडकी, दुकान नाहीतर हॉटेल. तुम्हाला जी बोट मिळणार आहे तिचं सुकाणू बाईच्या हाती यायला 1995 उजाडलं. हे 'जादूच्या राज्या'च्या जाहिरातीत नव्हतं. ठरलं मात्र याच टेबलावर.

असो. तुमची निवड झालीय. सोमवारी सकाळी शिकवणीला यायचं.

शिकवणी भरते ती आवारातल्या एका जुन्या घरात. संत्र्यांची बाग उठली, तिचे मालक गेले, घर तेवढं मागं राहिलं. आत घडीच्या खुर्च्या, खिडकीतून येणारी धूळ आणि समोर व्हॅन फ्रान्स नावाचा गृहस्थ. कारखान्यांतल्या कामगारांना शिकवण्यात त्याची हयात गेलेली. त्याच्या मदतीला डिक नुनिस, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला फुटबॉलपटू. हाच नुनिस पुढे डिस्नेच्या सगळ्या बागांचा प्रमुख होईल. आत्ता तो खुर्च्या मांडतोय.

तुम्ही वही उघडून बसता. बोट कशी चालवायची, ब्रेक कुठं, आग लागली तर काय, हे येईल म्हणून. फ्रान्स त्यातलं काहीच काढत नाही. त्याचं म्हणणं एवढंच: इथं झाडू मारणारा, तिकीट फाडणारा आणि बोट हाकणारा, तिघांचं काम एकच आहे, लोकांना आनंद देणं. बाकीची त्या कामाची अवजारं. तुम्ही शेजाऱ्याकडं बघता. त्यानंही वहीत काही लिहिलेलं नाही.

मग नियम येतात, आणि ते लिहून घ्यावेच लागतात. इथं गिऱ्हाईक नाही, पाहुणा. गर्दी नाही, प्रेक्षक. अंगावर गणवेश नाही, पोशाख, नाटकातला असतो तसा. पाहुण्यांना दिसतो तो भाग रंगमंच. कुंपणामागं जिथं तुम्ही सिगारेट ओढणार तो विंगेमागचा. पाहुण्यासमोर खायचं नाही, बसायचं नाही, टेकायचं नाही. चुइंगम चघळायचं नाही, आणि बागेत ते विकलंही जाणार नाही, कारण थुंकलेलं चुइंगम खरवडायला माणसं लागतात. मिशी नको, दाढी नको. हा शेवटचा नियम सांगताना कुणीतरी खाली मान घालून हसतं, कारण मालकाला मिशी आहे आणि भिंतीवरच्या फोटोत ती स्पष्ट दिसतेय. नोकरांना मिशी ठेवायची परवानगी 2000 साली मिळाली, दाढीची 2012 मध्ये. तेव्हा घाई करू नका.

मालकाला 'मिस्टर डिस्ने' म्हणायचं नाही, नुसतं 'वॉल्ट'. तुमच्या छातीवर मात्र नाव नाही, आकडा. पितळी बिल्ल्यावर कोरलेला नंबर. नावाचे बिल्ले यायला अजून सात वर्षं आहेत. घरी आई तो बिल्ला उलटसुलट करून बघते आणि विचारते, "हे काय, तुरुंगात लागलास की काय?"

तुम्हाला मिळालेली जागा सगळ्या पोरांना हवी असते: ॲडव्हेंचरलँड, जंगलातली बोटसफर. तुम्ही खलाशी. आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका अशा सगळ्या नद्या एकाच प्रवाहात, आणि तो प्रवाह सात मिनिटांत संपतो.

हे जंगल जवळून बघण्यासारखं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळू. लावणारा बिल एव्हान्स. त्याच्याकडं वेळ नाही, पैसा नाही आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत विषुववृत्त उभं करायचंय. लॉस एंजेलिसच्या भोवती हायवे होतायत आणि त्यांच्या वाटेत येणारी झाडं तोडली जातायत. एव्हान्स ती वाचवून इथं आणतो. तरीही जागा भरेना, तेव्हा त्यानं उपटलेली संत्र्याची झाडं उलटी पुरली, मुळं वर, खोड खाली. तुमच्या बोटीच्या उजव्या काठावर त्यातलं एक आहे. वाळलेली मुळं आभाळात पसरलेली, त्यांच्यावर वेल सोडलेला. पाच फुटांवरून बघितलं तरी वाटतं, काँगोतलंच काहीतरी भयंकर झाड असावं. गेल्या वर्षी ते याच मातीत सरळ उभं राहून संत्री देत होतं.

प्राणी रबराचे आणि यंत्राचे. वॉल्टला आधी खरे हवे होते. दिवसा ते झोपतात नाहीतर झाडीत दडून बसतात, हे कळल्यावर यंत्रं आली. पाणी मुद्दाम गढूळ केलेलं, कारण तळाशी रूळ आहे आणि बोट त्यावरून जाते. म्हणजे तुमच्या हातातलं सुकाणू निव्वळ शोभेचं. वेग तेवढा तुमच्या हातात. बोटींना जगभरच्या नद्यांची नावं: काँगो क्वीन, नाइल प्रिन्सेस, अमेझॉन बेल. आणि तुमच्या वाट्याला येते ती 'गँजेस गॅल'. गंगामाईची ही गत बघून तुमच्यातला मराठी वाचक क्षणभर चपापतो. एकोणीस वर्षांच्या त्या पोराला गंगा नकाशात कुठं असते हेही सांगता येणार नाही.

कमरेला पिस्तूल, त्यात बिनगोळीची काडतुसं. एका वळणावर पाणघोडा डोकं काढतो, जबडा उघडतो आणि बोटीकडं येतो. तुम्ही दचकायचं, ओरडायचं, बार काढायचा. पाणघोडा बुडतो. बाया किंचाळतात, पोरं टाळ्या वाजवतात. तालमीत हे करताना तुम्हाला लाज वाटते, कारण बोटीत प्रवासी म्हणून चार प्लंबर बसलेत आणि ते तोंड वासून तुमच्याकडंच बघतायत.

भाषण पाठ करायला दिलेलं आहे. आज जी मंडळी या सफरीला जाऊन आलीत त्यांना खलाशांचे पांचट विनोद आठवतील. ते नंतरचे, साठच्या दशकातले. तुमच्या हातातला कागद गंभीर आहे, डिस्नेच्या निसर्गपटांतल्या निवेदनाच्या थाटाचा. उजवीकडं अमुक मगर, डावीकडं तमुक वेल. निदान हसू आलं नाही म्हणून कुणाची तक्रार नाही.

17 जुलै, रविवार. तुम्ही पहाटेच निघालात म्हणून पोचलात. सकाळ चढली तशा सँटा ॲना हायवेवर गाड्यांच्या रांगा मैलोन् मैल थिजल्यात. आज फक्त निमंत्रितांचा दिवस, पण कुणीतरी निमंत्रणपत्रिका हुबेहूब छापून वाटल्यात. मागच्या कुंपणाला एकानं शिडी लावलीय आणि डोकी पाच डॉलर घेऊन लोकांना आत उतरवतोय. ठरले होते त्याच्या दुप्पट, अठ्ठावीस हजारांच्या वर लोक आत आलेत. ऊन शंभर फॅरनहाइटच्या घरात. बागेतल्या मेन स्ट्रीटचं डांबर काही तासांपूर्वी ओतलेलं, त्यात बायकांच्या उंच टाचा रुततायत. तुमच्या डोळ्यांदेखत एक बाई एका पायात चप्पल घालून लंगडत पुढे जाते. दुसरी डांबरात उभीच आहे.

प्यायच्या पाण्याचे नळ कोरडे. प्लंबरांचा संप मिटला तेव्हा नळ आणि संडास यांपैकी एकच वेळेत होणार होतं. वॉल्टनं संडास निवडले. माझ्या मते एवढ्या मोठ्या कंपनीच्या इतिहासात इतका शहाणा निर्णय विरळा. पण तो तहानलेल्या पाहुण्यांना पटवण्याचं काम वॉल्टकडं नाही, तुमच्याकडं आहे. "पेप्सी विकायची म्हणून नळ बंद ठेवलेत ना?" एक घामाघूम बाप विचारतो. फ्रान्सनं शिकवलेलं हसू तुम्ही चेहऱ्यावर चढवता. ते ओठांवर नीट बसतं, डोळ्यांपर्यंत जात नाही.

दुपारी बातमी येते, फँटसीलँडमध्ये गॅस गळतोय, भाग बंद केला. मग येते, हॉटेलांतलं खाणं संपलं. मार्क ट्वेन नावाच्या आगबोटीवर इतकी माणसं चढली की डेकवर पाणी आलं. टुमॉरोलँड, म्हणजे उद्याचं जग, आजपर्यंत पुरं झालेलं नाही. काही ठिकाणी रानगवताला लॅटिन नावांच्या पाट्या लावून बाग असल्याचं भासवलंय. आणि हे सगळं एबीसी वाहिनी थेट दाखवतेय. एका कॅमेऱ्यासमोर रोनाल्ड रेगन नावाचा नट बोलतोय. याचं पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, पण आज कुणाला सांगितलंत तर उन्हाचा परिणाम म्हणतील.

तुम्ही बोटीवर आहात. दुपारी किती फेऱ्या झाल्या, मोजणं कधीच सोडलंय. घसा बसलाय. गणवेशाला पोशाख म्हटल्यानं तो कमी भिजत नाही. पाणघोडा येतो, तुम्ही दचकता, बार. पुन्हा येतो. पुन्हा. एका फेरीत तो येतच नाही, यंत्र अडकलेलं, सवयीनं तुम्ही रिकाम्या पाण्यावर बार काढता आणि बोटीतला एक म्हातारा अगदी आदरानं विचारतो, "काय होतं?" तुमच्या तोंडून निघून जातं, "चलाखच आहे, बुडून गेला." म्हातारा मान डोलावतो. त्या दिवसातलं तुमचं सगळ्यात चांगलं काम तेवढंच, आणि ते कागदावर कुठंच नव्हतं.

नोकर मंडळींत या दिवसाला पुढे 'काळा रविवार' म्हणायची पद्धत पडली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाग सर्वांना खुली झाली: मोठ्यांना एक डॉलर, मुलांना पन्नास सेंट, आतल्या प्रत्येक सफरीचं तिकीट वेगळं. लोक पहाटे दोनपासून रांगेत होते. काल टीव्हीवर दिसलेला बोजवारा बघूनही आले, की तो बघूनच आले, हे ठरवणं कठीण. 8 सप्टेंबरपर्यंत, म्हणजे सात आठवड्यांत, दहा लाख माणसं त्या एकुलत्या एका दारातून आत गेली होती. शिकागोचे जाणते काय म्हणाले असतील ते तुम्हीच ठरवा.

ऑगस्टमध्ये तुम्ही जरा रुळता. जेवणाच्या सुट्टीत मेन स्ट्रीटवर चक्कर मारता आणि लक्षात येतं, इथं पहिली नोकरी करणारे तुम्ही एकटे नाही. अर्धी बागच पहिल्या नोकरीवर आहे. दारापाशी डोक्यावर गवती टोपी, गळ्यात बो, अंगात जाकीट घातलेला दहा वर्षांचा पोरगा पंचवीस सेंटांची माहितीपुस्तिका विकतोय; प्रत्येकीमागं त्याला दोन सेंट. गार्डन ग्रोव्हहून सायकलनं येतो. पुस्तिका संपल्या की गोल्डन हॉर्सशू नाट्यगृहात वॉली बोग नावाच्या विनोदवीराचा खेळ बघायला पळतो, इतक्यांदा की त्याला सगळे विनोद पाठ झालेत. हा स्टीव्ह मार्टिन. रस्त्यावर 'डिस्नेलँड न्यूज' हे दहा सेंटांचं वर्तमानपत्र विकणारा बारा वर्षांचा टॉम नॅबी वॉल्ट दिसला की त्याच्या मागं लागतो: तुम्ही टॉम सॉयरचं बेट करणार आहात ना, मग मला टॉम सॉयर करा. पुढच्या वर्षी वॉल्टनं त्याला खरंच केलं. आणि ते वर्तमानपत्र काढणारा मार्टी स्क्लार हा यूसीएलएच्या विद्यार्थी-दैनिकाचा संपादक, उद्घाटनाच्या महिनाभर आधी ओढून आणलेला. तो या कंपनीत पन्नासहून जास्त वर्षं राहिला.

अशी नावं सांगितली की नोकरी फार गोड वाटू लागते, म्हणून घड्याळ थोडं पुढे ढकलतो. साठच्या दशकात जॉन व्हॅन मानेन नावाचा एक पोरगा इथं सफरी चालवायचा. त्याला काढून टाकलं. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला आणि 1991 मध्ये त्यानं या नोकरीवर एक लेख लिहिला, 'हास्याचा कारखाना' अशा अर्थाच्या नावाचा. त्यात नोकरांची उतरंड आहे: वर मार्गदर्शक मुली आणि जंगलाचे खलाशी, तळाशी पॅनकेक आणि शेंगदाणे विकणारे. आणि उर्मट पाहुण्यावर सूड घेण्याच्या युक्त्या आहेत. हसतमुखानं सीटबेल्ट असा आवळायचा की श्वास अडकावा. रांगेत हातात हात घालून आलेल्या जोडप्याला ऐन वेळी, "माफ करा, जागा नाही," म्हणत वेगवेगळ्या डब्यांत बसवायचं. पाणबुडी धबधब्याखालून जाताना झाकण असं धरायचं की पाणी नेमकं त्याच्याच डोक्यावर पडावं. हसू सुटत नाही, शब्द वाकडा जात नाही, नियम एकही मोडत नाही. वाचताना मला तरी बरं वाटलं. ज्याला आठ तास हसायला भाग पाडलंय त्याच्याकडं एवढं तरी शस्त्र असावं.

शिकवणीत कंपनीला 'कुटुंब' म्हणायची सवय पडली, आणि 1984 च्या शरद ऋतूत पगार गोठवण्यावरून याच कुटुंबातली माणसं 22 दिवस फाटकाबाहेर फलक घेऊन उभी होती. आतले पाहुणे पाळण्यांत बसत होते. त्या 22 दिवसांतही बाग चालूच राहिली, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलं.

आता पुन्हा मागं, तुमच्या दुसऱ्या मोसमात. नुनिस ॲडव्हेंचरलँडचा सुपरवायझर झालाय. एका दुपारी वॉल्ट येतो, कुणाला न सांगता बोटीत बसतो, फिरून येतो. उतरल्यावर चेहरा फुगलेला. नुनिसला बाजूला घेऊन विचारतो, ही सफर किती मिनिटांची? सात. मला साडेचारच का मिळाली? सिनेमाला गेलास आणि मधली रिळं कुणी कापून टाकली तर तुला कसं वाटेल? त्या पाणघोड्यांना किती पैसे पडलेत ठाऊक आहे? लोकांनी ते बघावेत म्हणून ठेवलेत, कंटाळलेल्या पोरानं घाईनं हाकून न्यावेत म्हणून नाही.

तो कंटाळलेला पोरगा तुम्ही नव्हतात. निदान त्या फेरीत नव्हतात. पण शिक्षा सगळ्यांना. पुढचे काही दिवस नुनिस हातात स्टॉपवॉच घेऊन बोटीत बसून असतो. पहिल्या वळणाला अमुक सेकंद, हत्तीपाशी तमुक. लवकर पोचलात तर पुन्हा. उशीर झाला तरी पुन्हा. भाषण तेच, पण वाक्य कुठं तोडायचं, पाणघोड्याआधी किती वेळ गप्प राहायचं, मान आधी वळवायची की आवाज आधी चढवायचा, हे घोटून घोटून घेतो. शाळेच्या गॅदरिंगला नाटक बसवणारे सर असेच असतात. फक्त इथं प्रयोग दिवसाला चाळीस होतात आणि टाळ्या दुसऱ्याला पडतात.

याच दिवसांत कधीतरी तुम्हाला फ्रान्सचं ते पहिल्या दिवशीचं बोलणं कळतं. पटतं असं नाही, कळतं. बोट रुळावरून जाते, ती कुणीही नेईल. पाणघोडा यंत्र आहे, तो कुणालाही जबडा दाखवेल. कंपनीनं तुमच्याकडून विकत घेतलंय ते तुमचं दचकणं. तुम्हाला तो पाणघोडा हजाराव्यांदा दिसतोय. आयोवाहून चार दिवस गाडी हाकत आलेल्या पोराला पहिल्यांदा. त्याला त्याचं 'पहिल्यांदा' मिळावं म्हणून तुम्ही तुमचं रोज खर्च करायचं. त्याचा दर किती असावा हे कुठल्याच कायद्यात नाही. किमान वेतन आत्ताच, 1956 च्या मार्चमध्ये, तासाला 75 सेंटांवरून एक डॉलर झालंय, तेवढं सांगता येईल.

तीन आठवड्यांनी वॉल्ट परत येतो. एका बोटीतून उतरतो, लगेच पुढच्या बोटीत चढतो, मग तिसऱ्या. चांगला खलाशी निवडून पुढं करायची सोय त्यानं ठेवलेलीच नाही. तुमच्या बोटीत तो शेवटच्या बाकावर बसतो, टोपी मांडीवर. तुम्ही त्याच्याकडं बघत नाही. बघायचं नसतं, सगळे पाहुणे सारखे. वळण येतं, तुम्ही थांबता, मान वळवता, दचकता, बार काढता. पुढच्या बाकावरची पोरगी आईला बिलगते. धक्क्याला लागल्यावर वॉल्ट उतरतो, नुनिसकडं बघून अंगठा वर करतो आणि फ्रंटियरलँडच्या दिशेनं चालू लागतो. तुमच्याशी एक शब्द नाही. तुम्हालाही वेळ नाही, बोटीत पुढची तीस माणसं चढतायत.

संध्याकाळी नुनिस बोलावतो. वाटतं, काहीतरी चुकलं.

"उद्यापासून तुझ्या बोटीवर एक नवा पोरगा बसेल. तीन दिवस. त्याला शिकव."

"मी?"

"मग काय मी?"

पोरगा सकाळी आठला हजर. पोशाख दोन मापं मोठा, बिल्ला वाकडा. तुम्ही बिल्ला सरळ करता. वेगाची दांडी दाखवता, पिस्तूल कसं धरायचं ते दाखवता, उलट्या झाडाची गंमत सांगता. पाणघोड्याच्या जागी बोट थांबवून म्हणता, "इथं दचकायचं."

"मला भीती नाही वाटत."

"मग वाटून घे."

तो विचार करतो. मग, "पगार आठवड्याला होतो की पंधरा दिवसांनी?"

"आठवड्याला. शुक्रवारी."

"बरं," तो म्हणतो आणि दचकतो. अगदी वाईट दचकतो, दोन्ही हात वर करून, दरोड्यात सापडलेल्या कारकुनासारखा. तुम्ही बोट मागं घेता आणि त्याला पुन्हा करायला लावता.